चाकं थांबली की मीटर थांबतो

वैमानिक म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक ठरलेलं चित्र येतं. मोठं जेट, खांद्यावर चार पट्ट्या, परदेशातले मुक्काम आणि विचारायला संकोच वाटावा एवढा पगार. ते चित्र खोटं नाही, पण एकाच टोकाचं आहे. त्याच आकाशात, तसंच लायसन्स खिशात ठेवून आणि तशाच पट्ट्या लावून आणखी काही माणसं उडत असतात. त्यांच्या विमानाला बाहेरून दिसणारे पंखे असतात, फार तर सत्तर-ऐंशी सीट असतात आणि चढताना कोणीतरी हमखास विचारतं, "हे जुनं विमान आहे का हो?" कारखान्यातून मागच्या वर्षी बाहेर पडलेलं असलं तरी पंखा दिसला की लोकांना ते जुनंच वाटतं. पुढे कॉकपिटमध्ये बसलेल्यांच्या पगाराबद्दल मात्र कोणाच्या मनात शंका येत नाही.

मी काही वर्षं अशाच पंख्याच्या, म्हणजे टर्बोप्रॉप, विमानांच्या कंपनीत क्रू शेड्युलिंगला होते. कोण कोणत्या दिवशी कोणते सेक्टर (एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणचं एक उड्डाण म्हणजे एक सेक्टर) उडवणार त्याचं रोस्टर लावायचं, कोणी आजारी पडलं की स्टँडबायवरच्या माणसाला फोन करायचा, विमानांना उशीर झाला की कोणाची ड्युटी मर्यादेबाहेर जातेय ते बघायचं. या खुर्चीवरून वैमानिकाचं आयुष्य जरा विचित्र बाजूने दिसतं. आकाश कुठेच नसतं, सगळे तासच. कोण किती वाजता उठला, किती वाजता सुटला आणि त्यातल्या किती मिनिटांचे पैसे लागले. कंपनीचं नाव घेत नाही. नाव बदललं तरी हिशोबाची रीत फारशी बदलत नाही.

ती रीत अशी. जगातल्या पुष्कळ विमान कंपन्यांमध्ये, विशेषतः अमेरिकन पद्धतीच्या करारांमध्ये, वैमानिकाला 'ब्लॉक टाइम'चे पैसे मिळतात. निघताना पार्किंग ब्रेक सुटला की ब्लॉक सुरू, पोचल्यावर ब्रेक लागला की ब्लॉक बंद. त्याआधीचं ब्रीफिंग, हवामानाचे कागद, विमानाभोवती फिरून केलेली तपासणी, दोन उड्डाणांमधला टर्नअराउंड, मधेच आलेला दोन-अडीच तासांचा रिकामा खड्डा, हे सगळं ड्युटीत मोजतात पण पगारात मोजत नाहीत. टॅक्सी सिग्नलला उभी राहिली तरी मीटरवर वेटिंग चढतं. इथे चाकं थांबली की मीटरही थांबतो. महिन्याला एक किमान हमी असते, म्हणजे उड्डाण कमी झालं तरी साधारण सत्तर-पंचाहत्तर तासांचे पैसे नक्की, वर घरापासून लांब असल्याचा छोटा ताशी भत्ता. बाकी सगळं ब्लॉकवर.

आता हेच गणित दोन विमानांना लावून बघा. जेटवाल्याला साडेतीन तासांचा एक सेक्टर दिला, तिथून तासाभरात परत. ब्लॉक झाला सात तास. आधीचा एक तास आणि नंतरचा अर्धा धरला तर ड्युटी साडेनऊ तासांची. टर्बोप्रॉपवाल्याला पाऊण तासाचे सहा सेक्टर दिले. ब्लॉक साडेचार तास. मधले पाच टर्नअराउंड अर्ध्या-अर्ध्या तासाचे धरले तर अडीच तास, शिवाय आधीचा आणि नंतरचा वेळ, म्हणजे ड्युटी साडेआठ तास. एका तासाचाच फरक, पण पगाराच्या तक्त्यात एक जण सात तास राबला आणि दुसरा साडेचार. रोस्टरच्या मध्ये एखादं मोठं जोडविमान गाठण्यासाठी दोन-अडीच तासांचं बसणं घातलं, आणि ते घातलं जातंच, तर टर्बोप्रॉपची ड्युटी अकरा तासांवर जाते आणि ब्लॉक मात्र होता तिथेच. त्यातही त्याचा ताशी दर मुळात कमी असतो. म्हणजे कमी दराने, कमी मोजलेले तास. दर बघून नोकरी धरणाऱ्या पोरांना हा दुसरा भाग पहिल्या महिन्याची स्लिप हातात पडली की कळतो.

दर मुळात कमी का, याचं उत्तर मला बरेच दिवस "विमान लहान, तिकिटं कमी" एवढंच माहीत होतं. त्यात तथ्य आहे, पण त्यामागे एक जुना कागदही आहे. अमेरिकेत १९३१ साली वैमानिकांची संघटना उभी राहिली, डेव्हिड बेन्के तिचा पहिला अध्यक्ष. तेव्हा कंपन्यांना जुनी मैलावर पैसे देण्याची पद्धत मोडून नुसत्या तासावर आणायची होती, कारण विमानं वेगवान व्हायला लागली होती आणि मैलाने पैसे देणं महागात जात होतं. भांडण सरकारी मजूर मंडळाकडे गेलं आणि १९३४ च्या मे महिन्यात 'डिसिजन ८३' नावाचा निवाडा आला. त्यात महिन्याला ८५ तासांची मर्यादा बसली आणि पगाराचं सूत्र ठरलं: मूळ रक्कम, अधिक ताशी दर, अधिक मैल. ताशी दर विमानाच्या वेगाप्रमाणे चढता. पुढे विमानाचं वजनही सूत्रात शिरलं. वैमानिकांच्या दृष्टीने तो मोठा विजय होता. वेगवान विमानाने कंपनी जास्त कमावते, तर त्यातला वाटा आम्हालाही द्या, हा त्यांचा मुद्दा होता आणि तो रास्त होता. पण विमान जितकं वेगवान आणि अवजड तितका वैमानिक महाग, ही सवय त्या दिवसांपासून या धंद्याच्या हाडात बसली. एटीआर ७२ हे पंख्याचं विमान ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास जातं, जेट त्याहून साडेतीनशे पुढे. वेग आणि वजन दोन्हीकडे पंख्याचं विमान हरतं. त्या सूत्रात त्याच्या वैमानिकाने दिवसाला किती वेळा विमान जमिनीवर उतरवलं याला जागाच नव्हती.

आणि गंमत म्हणजे, थकवा मोजणाऱ्यांना ती जागा बरोबर सापडली आहे. युरोपच्या ड्युटीच्या नियमांमध्ये, जे २०१६ च्या फेब्रुवारीपासून लागू झाले, दिवसा सुरू होणारी ड्युटी एक किंवा दोन सेक्टरची असेल तर तेरा तासांपर्यंत चालते. तिसऱ्या सेक्टरपासून प्रत्येक वाढीव सेक्टरमागे अर्धा तास कापतात. सहा सेक्टर असतील तर अकरा तास, त्याहून जास्त असतील तर आणखी कमी, खाली नऊपर्यंत. प्रत्येक टेकऑफ आणि प्रत्येक लँडिंग माणसातून काहीतरी काढून घेतं, हे त्या तक्त्यात सरळ लिहिलेलं आहे. माझ्या टेबलावर हे दोन्ही तक्ते शेजारी शेजारी असायचे. एक सांगायचा, सहा सेक्टरवाला जास्त थकतो म्हणून त्याला लवकर सोडा. दुसरा सांगायचा, सहा सेक्टरवाल्याने साडेचार तासच काम केलं म्हणून त्याला तेवढेच द्या. मला या सगळ्या विषयात एवढंच म्हणायचं आहे, आणि ते मी सभ्य भाषेत म्हणायचा प्रयत्न करतेय.

टर्नअराउंड म्हणजे विश्रांती असा एक समज आहे. एकदा तरी बाजूला उभं राहून बघायला हवं. एटीआरमध्ये जमिनीवर वीज पुरवणारं वेगळं छोटं इंजिन नसतं. म्हणून 'हॉटेल मोड' असतो: उजव्या इंजिनाचा पंखा ब्रेक लावून थांबवतात, पण इंजिन चालूच, त्याच्यावर आतली वीज आणि हवा. प्रवासी मागच्या डाव्या दाराने उतरतात, सामान पुढच्या दाराने. सहवैमानिक हेडसेट उतरवून खाली येतो, उजवीकडच्या गरम झोताला वळसा घालून टायर बघतो, पंखाची कड बघतो, कुठे तेल दिसतंय का बघतो. कॅप्टन आत बसून पुढच्या ठिकाणचं हवामान घेतोय आणि ग्राउंडच्या माणसाशी दोन जादा बॅगांवरून घासाघीस करतोय, कारण या आकाराच्या विमानात दोन बॅगा आणि एक जाडजूड प्रवासीसुद्धा तोल हलवतात. लोडशीट, म्हणजे वजनाच्या हिशोबाचा कागद, येतं, त्यात एक आकडा चुकलेला, परत जातं. इंधनाची गाडी उशिरा आलेली. सहवैमानिक परत चढतो, हात पुसतो, उभ्याउभ्याच दोन घास पोटात ढकलतो आणि पुढच्या टेकऑफचे वेग काढायला बसतो. मग दार बंद, चेकलिस्ट, पंख्याचा ब्रेक सुटतो, अजून पार्किंग ब्रेक मात्र लागलेलाच. या अर्ध्या तासात दोघांनी जे केलं, त्यात एक जरी गोष्ट राहिली तर पुढची चाळीस मिनिटं महागात पडू शकतात. ब्लॉक: शून्य.

त्याहून लहान विमानं घ्या. अमेरिकी नियमांत एकोणीस सीटपर्यंत केबिन क्रू लागत नाही, आणि बीचक्राफ्ट १९००, जेटस्ट्रीम ३१, ट्विन ऑटर ही विमानं त्या आकड्यापाशीच का थांबली हे वेगळं सांगायला नको. तिथे सुरक्षेच्या सूचना सहवैमानिकच देतो, दार तोच लावतो, पुष्कळ ठिकाणी बॅगाही तोच भरतो.

हवेतलं कामही हलकं नसतं. जेट वर चढतं, पस्तीस हजार फुटांवर ढगांच्या डोक्यावरून जातं. एटीआरची आणि तशाच पंख्याच्या बहुतेक डॅश ८ विमानांची कमाल मर्यादा २५ हजार, आणि पाऊण तासाच्या सेक्टरला तेवढ्यावर जायला वेळही नसतो. म्हणजे हवामानाच्या वरून जाणं नाही, त्याच्यातूनच. पंखांच्या कडेला रबरी बूट असतात, बर्फ साचला की ते फुगून तो फोडतात. प्रॉपेलरवरून सुटलेले बर्फाचे तुकडे विमानाच्या अंगावर दाणदाण आदळतात, प्रवाशांना वाटतं काहीतरी तुटलं. १९९४ च्या ३१ ऑक्टोबरला अमेरिकेत रोझलॉनजवळ एक एटीआर ७२ अशाच बर्फाळ हवेत घिरट्या घालत असताना पडलं, विमानातले सगळे ६८ जण गेले. बर्फ बुटांच्या मागे साचला होता. नंतर एटीआरचे बूट रुंद केले गेले. बहुतेक टर्बोप्रॉपमध्ये ऑटोथ्रॉटल नसतो, शक्ती हाताने कमी-जास्त करायची. रनवे आखूड, काही ठिकाणी आयएलएस, म्हणजे उतरताना वाट दाखवणारी रेडिओ यंत्रणा, नाही. आमचे जुने कॅप्टन म्हणायचे की इथे दोन वर्षं काढलेला पोरगा कुठेही उडू शकतो. खरं आहे. पण हे वाक्य मी पगारवाढीच्या बैठकीनंतरच जास्त ऐकलं.

स्टँडबायचे फोन मीच करायचे. पहाटे पावणेचारला फोन लावला की चौथ्या-पाचव्या रिंगला आवाज येतो. झोपेतला माणूस आधी गप्प असतो. मग विचारतो, "किती सेक्टर?" कुठे जायचंय हे नंतर. मी सांगायचे, पाच. पुन्हा थोडी शांतता. मग "ठीक आहे मॅडम." त्या शांततेत तो काय मोजत असतो ते मला कळायला लागलं होतं. काल किती वाजता झोपलो, घरी कोणाला काय कबूल केलं होतं, 'फटीग', म्हणजे थकलोय, म्हणून नकार दिला तर फॉर्म भरायचा, फॉर्म भरला की कोणीतरी बोलावून गोड आवाजात दोन प्रश्न विचारणार. नकार द्यायचा हक्क कागदावर पक्का असतो. पण सिनियॉरिटीच्या तळाला असलेला, बॉन्डवर (ठरावीक वर्षं नोकरी सोडणार नाही, सोडली तर पैसे भरेन, अशा करारावर) सही केलेला, कॅप्टन होण्याची वाट बघणारा सहवैमानिक तो हक्क किती वेळा वापरेल?

दिवसाच्या शेवटी दुसरा फोन असतो, कॅप्टनला. विमानं उशिरा चाललीत, शेवटचा सेक्टर केला तर ड्युटी मर्यादेच्या वर जातेय. नियमात 'कमांडर्स डिस्क्रेशन' आहे: आयत्या वेळी काही अडचण आली तर कॅप्टन स्वतःच्या विवेकाने ड्युटी वाढवू शकतो, युरोपात साधारण परिस्थितीत दोन तासांपर्यंत. शब्द नीट वाचा, विवेक कॅप्टनचा. त्याला कोणी भाग पाडू शकत नाही. पण फोनवर मी असते, माझ्यामागे ऑपरेशन्सचा मॅनेजर उभा असतो आणि समोर गेटवर साठ माणसं घरी जायची वाट बघत असतात. "सर, काय करूया?" एवढंच विचारायचं असतं. ज्याने हा प्रश्न विचारायचा आवाज कधी ऐकला आहे, त्याला विवेक कुणाचा असतो ते समजेल.

या सगळ्यावर एकच घटना पुरेशी बोलकी आहे. २००९ च्या १२ फेब्रुवारीला कोल्गन एअरचं क्यू४०० टर्बोप्रॉप, डॅश ८ चाच एक प्रकार, अमेरिकेत बफलोजवळ एका घरावर कोसळलं. विमानातले ४९ आणि घरातला एक, असे पन्नास जण गेले. तिकिटावर नाव होतं काँटिनेंटलचं, मोठ्या कंपनीचं. चौकशीत मुख्य कारण निघालं ते कॅप्टनने स्टॉलच्या (वेग कमी पडून पंखांची उचल जाण्याच्या) इशाऱ्याला दिलेला उलटा प्रतिसाद: नाक खाली करायच्या ऐवजी त्याने दांडा मागे ओढला. पण चौकशी तिथे थांबली नाही. सहवैमानिक चोवीस वर्षांची होती. तिचा कामाचा तळ न्यूयॉर्कजवळच्या न्यूअर्कला, राहायची ती देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, सिएटलजवळ आईवडिलांकडे. आदल्या रात्री मालवाहू विमानांतून, मेम्फिसला विमान बदलून, ती कामावर पोचली होती. कॉकपिटच्या रेकॉर्डरवर ती शिंकतेय, बरं नाही म्हणतेय. घरी असताना असं वाटलं असतं तर निघालेच नसते, पण आता इथे येऊन आजारी पडल्याचं कळवलं तर हॉटेलचा खर्च आपणच करायचा, अशा आशयाचं ती बोलली आहे. सुनावणीत तिच्या वार्षिक पगाराचा आकडा आला सुमारे १६ हजार डॉलर. कंपनीने नंतर तो २३,९०० असल्याचं म्हटलं. दुसरा आकडा खरा धरला तरी मला त्यात कंपनीच्या बाजूने बोलण्यासारखं काही सापडत नाही. न्यूअर्क तळावरच्या १३७ वैमानिकांपैकी ९३ जण दुसऱ्या गावाहून ये-जा करणारे होते. तळाच्या गावात राहणं परवडत नाही, म्हणून माणूस लांब राहतो. लांब राहतो म्हणून रात्र प्रवासात जाते आणि झोप क्रू रूमच्या खुर्चीत उरकावी लागते. थकव्याचा अपघातात नेमका किती वाटा होता हे ठरवता आलं नाही, पण दोघांच्या कामगिरीवर त्याचा परिणाम झाला असावा, असं अहवालात नोंदवलं आहे.

त्यानंतर अमेरिकेत कायदा बदलला. २०१४ च्या जानेवारीपासून ड्युटीआधी सलग दहा तासांची विश्रांती, त्यात आठ तास झोपेची संधी, असा नियम आला. सहवैमानिकालाही १५०० तासांची अट लागली. आधी अडीचशे तासांच्या कमर्शियल लायसन्सवर उजव्या, म्हणजे सहवैमानिकाच्या, सीटवर बसता यायचं. पगाराला मात्र कायद्याने हात लावला नाही. तो नंतर बाजाराने लावला, आणि त्याची कथा मला थोडी क्रूर वाटते.

टर्बोप्रॉप कंपन्या इतकी वर्षं कमी पगारात माणसं कशी मिळवत होत्या? उत्तर सोपं आहे. त्या पगार कमी द्यायच्या आणि तास द्यायच्या. लॉगबुकमध्ये तास भरले की पुढे जेट, मोठी कंपनी, मोठा पगार. म्हणजे आजच्या मजुरीचा मोठा हिस्सा उद्याच्या आशेत चुकता केला जायचा, आणि ती आशा पुरवायची दुसऱ्याच कंपनीने. मालकासाठी याहून स्वस्त सौदा नाही. शिवाय सिनियॉरिटीची पद्धत अशी की कंपनी बदलली तर दहा वर्षांचा कॅप्टनही नव्या ठिकाणी शेवटच्या नंबरला, उजव्या सीटवर. म्हणून निघायचं तर लवकर, नाहीतर निघूच नये. टाइप रेटिंगचा, म्हणजे त्या ठरावीक विमानाच्या प्रशिक्षणाचा, खर्च कंपनीने केला तर बॉन्ड, नाही केला तर खिशातून. मी असे सहवैमानिक पाहिलेत ज्यांच्या शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता आणि घरभाडं यांची बेरीज पगाराच्या पुढे जायची, आणि तरी ते रोस्टर उघडताना आधी बघायचे या महिन्यात किती तास भरतायत. सुट्टी किती, हे नंतर.

मग माणसं कमी पडायला लागली. १५०० तासांची अट, निवृत्तीची लाट, शिक्षणाचा खर्च, सगळं एकत्र आलं. ग्रेट लेक्स नावाची कंपनी छोट्या छोट्या गावांना बीचक्राफ्ट १९०० ने जोडायची. तिने २०१४ च्या सुमारास एकोणीस सीटच्या काही विमानांतल्या दहा सीट उपटून टाकल्या, कारण नऊ सीटच्या सेवेला वेगळे नियम लागतात आणि तिथे १५०० तासांपेक्षा कमी अनुभवाचा सहवैमानिक चालतो. विमान तेच, हवा तीच, सीट अर्ध्या. २०१८ च्या मार्चमध्ये तिने उड्डाणं थांबवली. त्याआधी २०१७ च्या उन्हाळ्यात होरायझन एअरला क्यू४०० उडवायला वैमानिक कमी पडले म्हणून शेकडो उड्डाणं रद्द करावी लागली होती. आणि मग २०२२ च्या जूनमध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या उपकंपन्यांनी पगार एकदम वाढवले, पहिल्या वर्षाच्या सहवैमानिकाला ताशी ९० डॉलर. त्यातली एक पीडमाँट. पण पीडमाँटने आपलं शेवटचं डॅश ८ तर २०१८ च्या जुलैतच उतरवलं होतं, तिच्याकडे उरली होती छोटी जेट. होरायझनचं शेवटचं क्यू४०० २०२३ च्या जानेवारीत गेलं. वाढ आली तेव्हा ज्यांनी सहा-सहा सेक्टर घासले ती विमानं ताफ्यातून गेली होती, नाहीतर जायच्या वाटेवर होती. ब्रिटनमध्ये तर वाढीचा प्रश्नच उरला नाही. क्यू४०० चा जगातला सगळ्यात मोठा ताफा असलेली फ्लायबी २०२० च्या मार्चमध्ये एका रात्रीत बंद झाली.

कंपन्यांचीही बाजू आहे, नाही असं नाही. सत्तर सीटच्या विमानाला दोन वैमानिक लागतात आणि एकशे ऐंशी सीटच्या विमानालाही दोनच. दर सीटमागे वैमानिक अडीच पटीने महाग पडतो, आणि आखूड मार्गावर तिकीट वाढवलं की प्रवासी गाडी काढतो. मान्य. पण मग ज्या गावांना ही सेवा हवीच आहे, जिथे सरकार त्या मार्गासाठी पैसे मोजतं, तिथल्या ठेक्यात वैमानिकाच्या विश्रांतीचा आणि पगाराचा उल्लेख का नको? मार्ग टिकवायला अनुदान आणि मार्ग उडवणारा मात्र अनुभवाच्या बदल्यात, हे मला पटलेलं नाही.

सगळेच जायला आलेले नसतात, हेही सांगायला हवं. आमच्याकडे एक कॅप्टन होते, त्यांना जेटची ऑफर आली आणि त्यांनी नाही म्हटलं. आम्हाला वाटलं वय झालं. ते म्हणाले, "दिवसातून पाच वेळा उतरवतो. जेटवर महिन्यात किती मिळतील? आणि रात्री मी माझ्या बिछान्यात असतो." नॉर्वेत वीडेरो कंपनीची डॅश ८ विमानं आठशे मीटरच्या धावपट्ट्यांवर उतरतात, १९६८ पासून वाढत गेलेलं ते आखूड धावपट्ट्यांचं जाळं आहे. स्कॉटलंडमध्ये 'बारा' नावाच्या बेटावर ट्विन ऑटर समुद्रकिनाऱ्याच्या वाळूवर उतरतं, आणि वेळापत्रक भरती-ओहोटी बघून लावतात. हे काम मनापासून करावंसं वाटणारे लोक असतात आणि ते या धंद्यातले सगळ्यात कसबी असतात. त्यांना फक्त एवढंच हवं असतं की या कामाला कोणी पुढच्या नोकरीची तयारी समजू नये.

उपाय फार गूढही नाहीत. काही करारांमध्ये 'ड्युटी रिग' असतो: ब्लॉक कितीही होवो, ड्युटीच्या ठरावीक तासांमागे एक तास पगाराचा धरलाच जातो, दर दोन तासांना एक, असं काहीतरी. काही ठिकाणी दिवसाची किमान हमी असते. काही ठिकाणी सरळ महिन्याचा पगार आणि वर प्रत्येक सेक्टरचा भत्ता. यातलं काहीही असलं तरी मधल्या अर्ध्या तासाला थोडी किंमत येते, आणि रोस्टर लावणाऱ्यालाही अडीच तासांचं बसणं घालताना हात आखडता घ्यावा लागतो. माझ्या अनुभवात वैमानिकांचा वेळ फुकट असला की तो सढळ हाताने खर्च होतो. फुकट नसला की अचानक सॉफ्टवेअर छान रोस्टर लावायला लागतं.

नातेवाइकांची, ओळखीतल्यांची मुलं लायसन्स घेऊन अशा कंपन्यांच्या मुलाखतींना जातात आणि मला विचारतात, किती देतात हो? मी त्यांना सांगते, ताशी दर शेवटी विचार. आधी विचार महिन्याची किमान हमी किती तासांची. ब्लॉक ठरलेला धरतात की प्रत्यक्षातला, की दोन्हींतला जास्त. रिग आहे का. एका ड्युटीत सरासरी सेक्टर किती. स्टँडबायला फोन आल्यावर किती वेळात हजर व्हायचं आणि फोन न आल्यास त्या दिवसाचे काही लागतात का. बॉन्ड किती वर्षांचा आणि तो महिन्यागणिक कमी होत जातो का, की शेवटच्या दिवसापर्यंत पूर्णच्या पूर्ण. आणि तळापासून दूर, बाहेरगावी असताना आजारी पडलो तर खोलीचं बिल कोण भरतं. या शेवटच्या प्रश्नाला समोरचा माणूस हसून "ते बघू आपण" म्हणाला, तर ते उत्तर ईमेलवर मागून घे, आणि ईमेल येईपर्यंत बॉन्डवर सही करू नकोस.